यूएसबी ऑडिओ कन्व्हर्टर लॅपटॉपला दिसतो आणि मधेच गायब होतो, नेमकं काय तपासू?

जुनी_फीत · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून घ्यायला काढल्या आहेत. त्यासाठी एक छोटा यूएसबी ऑडिओ कन्व्हर्टर आणला. एका अंगाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना, दुसऱ्या अंगाला यूएसबीची सुटी केबल लागते. कॅसेट डेकच्या लाइन आउटमधून आवाज कन्व्हर्टरात आणि तिथून लॅपटॉपमध्ये जातो. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी. कन्व्हर्टरवर कंपनीचं नाव धड नाही, सोबत ड्रायव्हरही नव्हता, खोक्यावर 'प्लग अँड प्ले' तेवढं लिहिलंय.

पहिल्यांदा जोडला की व्यवस्थित दिसतो. कॅसेटची एक बाजू सुरळीत उतरते. मग स्टॉप करून, फाइल सेव्ह करून, कॅसेट उलटून पुन्हा रेकॉर्ड दाबलं की ऑडॅसिटी म्हणते रेकॉर्डिंग डिव्हाइस उघडता येत नाही. काढून परत लावला तर कधी चालतो, कधी नुसताच 'अननोन यूएसबी डिव्हाइस' म्हणून येतो. लॅपटॉप रीस्टार्ट केला की पुन्हा एका बाजूपुरता शहाण्यासारखा वागतो.

कन्व्हर्टर खराब आहे की लॅपटॉप, एवढं तरी कसं ओळखायचं?

खटपट्या · सोमवार, रात्री ९:२६

सरळ आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन अनइनस्टॉल करा, रीस्टार्ट करा, विंडोज अपडेट मारा. नाहीच झालं तर एखादं ड्रायव्हर शोधून देणारं सॉफ्टवेअर टाका, ते आपोआप योग्य ड्रायव्हर बसवतं.

कानसेन · सोमवार, रात्री ९:५८

ते ड्रायव्हर शोधून देणारं सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका. असले बिननावाचे कन्व्हर्टर 'यूएसबी ऑडिओ क्लास' या प्रमाणपद्धतीवर चालतात. तिची पहिली आवृत्ती १९९८ ची. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत तिचा ड्रायव्हर आधीपासून बसवलेलाच असतो. वेगळा ड्रायव्हर नाहीच, तर शोधणारं सॉफ्टवेअर शोधणार काय? कुठल्यातरी भलत्याच चिपचा ड्रायव्हर आणून बसवेल, आणि मग खरंच ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होईल.

शिवाय एक बाजू अख्खी नीट उतरते म्हणजे ड्रायव्हर काम करतोय.

फीतसाहेब, तीन गोष्टी सांगा. कन्व्हर्टर थेट लॅपटॉपला लावता की हबला? गायब होतो तो रेकॉर्डिंग चालू असताना, की थांबवल्यावर? आणि 'अननोन' दिसतो तेव्हा त्यावर डबल क्लिक केल्यावर जो मजकूर येतो तो शब्दशः द्या. 'एरर येते' यावरून काही कळत नाही, कोडवरून कळतं.

जुनी_फीत · सोमवार, रात्री १०:२०

लॅपटॉपला जुन्या आकाराचं यूएसबी पोर्ट एकच आहे, त्यात माउसचा रिसीव्हर असतो. बाकी दोन सी पोर्ट. म्हणून सी पोर्टला एक हब लावलाय. त्यावर कन्व्हर्टर आणि फाइली साठवायला एक बाहेरची हार्ड डिस्क.

रेकॉर्डिंग चालू असताना आजवर कधीच तुटलेलं नाही. हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. थांबवल्यानंतरच जातो.

कोड ४३. खाली लिहिलंय 'अ रिक्वेस्ट फॉर द यूएसबी डिव्हाइस डिस्क्रिप्टर फेल्ड'.

तारांकित · सोमवार, रात्री १०:४७

हबला वेगळा अडॅप्टर आहे का? नसेल तर आधी तिकडे बघा. यूएसबी २ च्या हिशोबात लॅपटॉपचं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. हब स्वतःच्या अडॅप्टरशिवाय चालत असेल तर एवढ्यातच स्वतःचं पोट भरून उरलेलं वाटतो. यूएसबी २ च्या अशा हबने प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देणं अपेक्षित आहे. त्यात हार्ड डिस्क फिरायला लागताना एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि शेजारचा कन्व्हर्टर अर्धवट बेशुद्ध होतो.

कोड ४३ चा अर्थही सांगून ठेवतो. यूएसबी वस्तू जोडली की ती आधी आपल्या दोन डेटा तारांपैकी एक तार १.५ किलोओहमच्या रेझिस्टरने वर खेचते. त्यावरून लॅपटॉपला एवढंच समजतं की कोणीतरी लागलंय. मग लॅपटॉप विचारतो, तू कोण? त्याचं उत्तर म्हणजे डिस्क्रिप्टर: बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, किती करंट लागतो वगैरे. तुमच्याकडे लॅपटॉपला 'कोणीतरी आहे' हे कळतंय पण उत्तर येत नाहीये. ऑडिओ ड्रायव्हरचा नंबर यानंतर लागतो, त्यामुळे इथे ड्रायव्हर बदलून शून्य फरक पडेल.

उत्तर न येण्याची नेहमीची कारणं म्हणजे करंट कमी पडणं, केबल खराब असणं, सॉकेट ढिला असणं किंवा कन्व्हर्टरच्या आतली चिप अडकून बसणं.

खटपट्या · सोमवार, रात्री १०:५५

पण मग रीस्टार्ट केल्यावर का चालतो? केबल खराब असेल तर रीस्टार्टने केबल दुरुस्त होते काय!

कानसेन · सोमवार, रात्री ११:२०

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर फीतसाहेबांच्या दुसऱ्या वाक्यात आहे. चालू असताना तुटत नाही, थांबल्यावर जातो. हार्ड डिस्कला सर्वात जास्त काम रेकॉर्डिंग चालू असताना. करंट कमी पडत असता तर मधेच तुटलं असतं.

हे झोपेचं लक्षण आहे. विंडोज बॅटरी वाचवण्यासाठी कामात नसलेल्या यूएसबी वस्तूला झोपवते, त्याला 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' म्हणतात. लॅपटॉपकडून ३ मिलिसेकंद तारेवर काहीच हालचाल झाली नाही की वस्तूने निजायचं, करंट अडीच मिलिअँपिअरच्या आत आणायचा, आणि हाक आली की उठायचं. प्रमाणपद्धतीत हे सगळं नीट लिहिलेलं आहे. पण स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये झोपण्याचा भाग चालतो, उठण्याचा चालेलच असं नाही. हाक मारली की उलटसुलट बोलतो किंवा बोलतच नाही, आणि विंडोज कोड ४३ लावून मोकळी होते. रीस्टार्टमध्ये पोर्टचा करंट तुटून पुन्हा येतो किंवा पोर्ट नव्याने रीसेट होतं, म्हणून पुन्हा जिवंत.

खात्री करायला काहीही बदलायची गरज नाही. ऑडॅसिटीत वर जो रेकॉर्डिंगचा मीटर असतो त्यावर मॉनिटरिंग चालू करून ठेवा. रेकॉर्डिंग नसतानाही आवाजाचा प्रवाह चालू राहील, मीटरच्या पट्ट्या हलत राहतील. तसं ठेवून कॅसेट उलटा, चहा... म्हणजे थोडं थांबा, आणि मग रेकॉर्ड दाबा. चाललं तर दोष झोपेचा. नाही चाललं तर तारांकित म्हणतात ते.

जुनी_फीत · मंगळवार, सकाळी ७:४०

चाललं! मॉनिटरिंग चालू ठेवून एकामागून एक बाजू उतरवल्या, एकदाही तुटलं नाही. मग मुद्दाम मॉनिटरिंग बंद करून थोडा वेळ ठेवलं, लगेच गायब. आता हे कायमचं बंद कसं करू? दरवेळी मीटर चालू ठेवायचं लक्षात राहणार नाही.

कानसेन · मंगळवार, सकाळी ८:३०

जुन्या कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा. तुमचा प्लॅन निवडून अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. त्यात 'यूएसबी सेटिंग्ज' आणि तिच्या पोटात 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'. बॅटरीवर आणि चार्जरवर अशा दोन्ही ओळी 'डिसेबल्ड' करा. लोक एकच करतात आणि मग चार्जर काढला की परत रडतात.

काही लॅपटॉपवर ही ओळ दिसतच नाही. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, खाली 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' मध्ये 'यूएसबी रूट हब' असतील. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायला संगणकाला परवानगी द्या' या अर्थाची इंग्रजी टिक असते, ती काढा. तुमचा बाहेरचा हबही त्याच यादीत 'जेनेरिक यूएसबी हब' म्हणून दिसेल, त्याचीही काढा.

आणि नंतर 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, ड्रायव्हरांच्या जुन्या अवस्थेसकट. 'बंद करून चालू केलं तरी तसंच' या तक्रारींमागे पुष्कळदा हे असतं.

पेंग्विनप्रेमी · मंगळवार, सकाळी ९:०५

लिनक्सवाल्यांसाठी भर घालतो, कारण हाच रोग तिकडेही आहे आणि तिकडे तो दिसतो लवकर.

टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' ही कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी दाखवणारी आज्ञा चालू ठेवून कन्व्हर्टर जोडा. उणे ११० ही चूक आली तर विचारलं पण वेळेत उत्तर नाही. उणे ७१ आली तर उत्तर आलं पण तारेवर मोडतोड होऊन, यात केबल किंवा सॉकेटवर संशय धरावा. या दोन्ही नसतील, यूएसबीच्या यादीत वस्तू दिसत असेल पण आवाजाच्या यादीत नसेल, तरच ड्रायव्हरकडे वळा.

झोपेचं दुखणं इकडे दोन थरांत आहे. कर्नल यूएसबीला झोपवतो तो एक, तो बंद करायला बूटच्या ओळीत यूएसबीकोअरचा ऑटोसस्पेंड उणे १ करतात. दुसरा थर पाइपवायरचा, म्हणजे लिनक्सवर आवाजाची ने-आण सांभाळणाऱ्या प्रणालीचा. त्याचा व्यवस्थापक वायरप्लंबर आवाज थांबल्यावर मुळात ५ सेकंदांनी ते यंत्र सोडून देतो. लोक एक बंद करतात आणि दुसऱ्यामुळे गाण्याची पहिली अक्षरं गिळली गेली की डीएसीला (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपला) शिव्या घालतात.

स्वरवेल्हाळ · मंगळवार, सकाळी ११:१५

फीतदादा, जोडणी जमली हे छान झालं, पण पुढच्या कॅसेटी उतरवण्याआधी एक बघून घ्या. तुमचं रेकॉर्डिंग खरंच स्टिरिओ होतंय का? माझ्याकडे असाच कन्व्हर्टर आहे, त्यात डावी-उजवी बाजू एकसारखीच यायची. तंबोरा एका कानात आणि तबला दुसऱ्या कानात असलेलं जुनं रेकॉर्डिंग सगळं मधोमध गोळा झालं होतं. ऑडॅसिटीत दोन पट्ट्या दिसतात म्हणून मला वाटलं स्टिरिओच आहे.

जुनी_फीत · मंगळवार, दुपारी १:०२

ताई, आता धाकधूक व्हायला लागली. कसं ओळखायचं?

स्वरवेल्हाळ · मंगळवार, दुपारी १:३०

मॉनिटरिंग चालू ठेवा, कॅसेट वाजू द्या आणि कन्व्हर्टरमधली लाल पिन उपसून काढा. लाल म्हणजे उजवी. मीटरची खालची पट्टी मेली आणि वरची हलत राहिली तर स्टिरिओ आहे. दोन्ही हलत राहिल्या, फक्त जरा बुटक्या झाल्या, तर मोनो.

कानसेन · मंगळवार, दुपारी २:१०

अगदी बरोबर पद्धत. मोनो निघालं तर दोन शक्यता आहेत, एक सुधारता येते, दुसरी नाही.

विंडोज अशा कन्व्हर्टरला सर्रास 'मायक्रोफोन' म्हणून ओळखते. कारण वस्तूने स्वतःची ओळखच तशी करून दिलेली असते. मायक्रोफोन म्हटला की कधीकधी मोनो गृहीत धरलं जातं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साउंड, इनपुट, तिथे कन्व्हर्टरवर क्लिक केलं की फॉरमॅटची यादी येते. तिथे १ चॅनेल असेल तर '२ चॅनेल, १६ बिट, ४४१०० किंवा ४८००० हर्ट्‌झ' निवडा. ऑडॅसिटीतही २ चॅनेल आणि तोच सॅम्पल रेट ठेवा. त्याच पानावर ऑडिओ एन्हान्समेंट्स असतील तर बंद. त्या बोलण्यासाठी असतात, तानपुऱ्याला त्या पंख्याची घरघर समजून पुसायला बघतात.

यादीत २ चॅनेलचा पर्यायच नसेल तर चिपच तशी आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम२९०२ सारखी चिप असेल तर आत येणारा आवाज स्टिरिओ, १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झपर्यंत मिळतो. सी-मीडियाच्या सीएम१०८ सारखी असेल तर बाहेर जाणारा आवाज स्टिरिओ, पण आत येणारा मोनोच, कारण ती हेडसेटसाठी बनवलेली आहे. खोकं न उघडता ओळखायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. व्हीआयडी, म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक, ०८बीबी असेल तर पहिल्या घराण्याची, ०डी८सी असेल तर सी-मीडियाची. सी-मीडियाच्या सगळ्याच चिपा मोनो नसतात, तेव्हा लाल पिनेची परीक्षा हीच शेवटची.

वाचनमात्र · मंगळवार, दुपारी ३:४५

इथे फक्त वाचत असतो, पण माझाही एक प्रश्न घुसडतो. माझ्याकडे फोनबरोबर घेतलेला सी पोर्टमधून हेडफोनचं भोक काढणारा छोटा कन्व्हर्टर आहे. फोनवर उत्तम. लॅपटॉपच्या सी पोर्टला लावला तर टिंग नाही, एरर नाही, काहीच नाही. वरची सगळी सेटिंग्ज करून पाहिली.

तारांकित · मंगळवार, संध्याकाळी ४:२०

सेटिंग्ज परत होती तशी करा, तुमचा प्रश्न वेगळाच आहे.

बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन प्रकार असतात. एकात चिप असते, ती यूएसबीवरून आकडे घेते आणि त्यांचा आवाज करते. ही लॅपटॉपला ऑडिओ डिव्हाइस म्हणून दिसते. दुसऱ्यात चिप नसते, नुसत्या तारा. तो सी पोर्टच्या दोन्ही सीसी पिना (काय जोडलंय हे ओळखायच्या पिना) रेझिस्टरमधून जमिनीला जोडून फोनला खूण करतो की 'मी हेडफोन आहे, डेटाच्या तारांवर थेट आवाज सोड'. आवाज करणारी चिप फोनच्या आत असते. सी पोर्टच्या प्रमाणपद्धतीत याची तरतूद आहे पण सक्ती नाही, आणि लॅपटॉप बनवणारे त्या भानगडीत सहसा पडत नाहीत. तुमच्या लॅपटॉपला तो वस्तू म्हणून दिसणारच नाही, कारण बोलणारं आत कोणी नाही.

घेताना 'डीएसी' असलेला घ्या. तो फोनवरही चालेल.

वाचनमात्र · मंगळवार, संध्याकाळी ४:३२

उलगडा झाला, धन्यवाद. आता पुन्हा वाचनमात्र.

सातवा_सूर · मंगळवार, संध्याकाळी ६:०५

फीत यांना सुचवतो, एवढी मेहनत करताच आहात तर हा खेळण्यातला कन्व्हर्टर फेका आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झचा घ्या. पुन्हा पुन्हा उतरवणार नाही आपण.

कानसेन · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

कॅसेटवर आवाज आणि फीत-खरखर यांच्यातलं अंतर डॉल्बीशिवाय (खरखर कमी करणाऱ्या सोयीशिवाय) ६० डेसिबलच्याही आतच असतं. १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात. खरखर कितीही बारकाईने मोजली तरी ती खरखरच.

२४ बिट घ्यायला माझी ना नाही, पातळी थोडी कमी ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं. पण १९२ साठी जोडणीच्या कटकटी वाढतात त्या कोणी सांगत नाही. जुन्या ऑडिओ क्लासची कन्व्हर्टरं १२ मेगाबिटच्या 'फुल स्पीड'वर चालतात. तिथे आवाजाच्या एका वाटेवरून दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १०२३ बाइट जातात. १९२ किलोहर्ट्‌झ म्हणजे मिलिसेकंदाला १९२ नमुने, दोन चॅनेल, प्रत्येकी ३ बाइट, झाले ११५२. मावतच नाहीत. ९६ ला ५७६ होतात, ते मावतात. म्हणून १९२ वाले ४८० मेगाबिटचा 'हाय स्पीड' आणि ऑडिओ क्लासची दुसरी आवृत्ती वापरतात. ती विंडोजमध्ये आपल्या आपण चालायला लागली २०१७ साली, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून. त्याआधीच्या विंडोजवर कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. खटपट्या, ही बघा ड्रायव्हरची खरी जागा.

खटपट्या · मंगळवार, संध्याकाळी ७:०१

चला, आमच्या ड्रायव्हरला कुठेतरी मान मिळाला. :)

पण एक अनुभव सांगतो. पोर्ट बदललं की माझ्याकडे 'मायक्रोफोन २', 'मायक्रोफोन ३' अशी पिलावळ तयार होते आणि सगळी सेटिंग्ज पुन्हा करावी लागतात. हे तरी ड्रायव्हरचं आहे ना?

पेंग्विनप्रेमी · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

तेही नाही. कन्व्हर्टरला स्वतःचा सीरियल क्रमांक नसेल तर विंडोज त्याला पोर्टवरून ओळखते. नवं पोर्ट म्हणजे नवी वस्तू, त्यामुळे आवाजाची पातळी, मोनो-स्टिरिओ, सगळं कोरं. एका पोर्टला चिठ्ठी चिकटवा आणि कायम तिथेच लावा. जुनी पिलावळ डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' केलं की फिकट रंगात दिसते, तिथून काढून टाका. इथे मात्र तुमचं अनइनस्टॉल कामाचं.

जुनी_फीत · बुधवार, रात्री ९:३०

हालहवाल. कन्व्हर्टर हबवरून काढून माउसच्या जागी थेट लावला, माउस हबवर गेला. सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, रूट हबच्या टिका काढल्या, रीस्टार्ट केलं. आता मॉनिटरिंग बंद ठेवूनही कन्व्हर्टर जागेवर असतो. लाल पिनेची परीक्षा केली, फॉरमॅट १ चॅनेलवरच होता. २ केल्यावर खालची पट्टी शहाण्यासारखी मेली. स्वरवेल्हाळताई, तुमच्यामुळे पुढच्या कॅसेटी वाचल्या.

दोन गोष्टी उरल्यात. लॅपटॉपचा चार्जर लावला की 'हूंऽऽ' असा बारीक सूर येतो, काढला की जातो. आणि डेकचं कॅसेटचं दार जरा जोरात लागलं की कधीकधी कन्व्हर्टर क्षणभर जाऊन परत येतो, 'टिंग-टुंग' असा.

तारांकित · बुधवार, रात्री १०:१०

दारावाली गोष्ट आधी. धक्क्याने जातो म्हणजे तो झोपेतून जात नाही, कुठेतरी तार हलते आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवा, केबल मधोमध धरून वाकवा, मग लॅपटॉपच्या टोकाला, मग कन्व्हर्टरच्या टोकाला, अशी एकेक जागा हलवून बघा. केबल वाकवल्यावर तुटलं तर केबल बदला, सुटी आहे हे नशीब. बदलताना चार्जिंगची म्हणून मिळालेली केबल उचलू नका, तिच्यात बऱ्याचदा डेटाच्या तारा नसतातच. कन्व्हर्टरच्या टोकालाच तुटत असेल तर आतल्या सॉकेटचा सोल्डरिंगचा डाग सुटलेला असतो. बारीक डाग देणाऱ्या माणसाला दोन मिनिटांचं काम.

आता हूं. डेकला स्वतःची जमिनीची वाट आहे, लॅपटॉपला चार्जरमधून दुसरी, आणि आरसीएची बाहेरची तार दोघांना जोडते. असा बंद फेरा झाला की त्यातून मेन्सचा ५० हर्ट्‌झचा करंट फिरतो आणि आवाजात मिसळतो. चार्जर काढला की फेरा तुटतो. सोपा उपाय म्हणजे एक बाजू उतरवेपर्यंत बॅटरीवर चालवा. तेवढी बॅटरी टिकत नसेल तर डेक आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, हूं बरंच कमी होतं.

त्यानेही भागलं नाही तर यूएसबी आयसोलेटर मिळतो, तो लॅपटॉप आणि कन्व्हर्टर यांच्यातला विजेचा संबंध तोडतो आणि डेटा तेवढा पलीकडे देतो. त्यातले बरेचसे एडीयूएम४१६० या चिपवर असतात आणि ती १२ मेगाबिटपर्यंतच जाते. तुमच्या १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झला मिलिसेकंदाला १९२ बाइट लागतात, त्यामुळे निर्धास्त. सातवा सूर यांच्या १९२ वाल्याला तो लावला तर एकतर दिसणार नाही किंवा खालच्या दर्जावर उतरेल, आणि मग इथे नवा प्रश्न येईल.

एक मात्र कोणी सांगितलं तरी करायचं नाही: चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणं. हूं जाते, पण त्या पिनेवर जीव वाचतो.

मॅकवाली · बुधवार, रात्री १०:४०

मॅकबुकवर 'जोडलं पण काहीच होत नाही' असं कुणाचं असेल तर 'अलाउ अॅक्सेसरी टू कनेक्ट' ची खिडकी येऊन गेली का बघा. अॅपल सिलिकॉनच्या (अॅपलच्या स्वतःच्या चिपांच्या) लॅपटॉपवर मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून हे आहे. आधी परवानगी द्यावी लागते, नाहीतर वस्तूला करंट मिळतो पण डेटा नाही. लॅपटॉप लॉक असताना जोडलं की ती खिडकी नजरेतून सुटते. पुढचं सगळं 'ऑडिओ मिडी सेटअप' मध्ये, फॉरमॅट तिथेच बदलतो.

स्वरवेल्हाळ · गुरुवार, सकाळी ८:१५

विंडोजवर याच जातीचं एक आहे. कन्व्हर्टर दिसतो, निवडता येतो, रेकॉर्डिंगही पुढे सरकतं, पण रेषा सपाट. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनखाली 'डेस्कटॉप अॅप्सना मायक्रोफोन वापरू द्या' बंद असलं की असं होतं. विंडोजच्या लेखी आपला कन्व्हर्टर मायक्रोफोनच आहे ना. शिष्यांच्या लॅपटॉपवर आवाज येत नसेल तर मी केबलला हात लावण्याआधी तेच बघते.

जुनी_फीत · शुक्रवार, रात्री ८:५०

केबल निघाली. लॅपटॉपच्या टोकापासून चार बोटांवर वाकवली की हमखास टुंग. प्रिंटरची चौकोनी टोकाची केबल बसली, तीच लावलीय, दार आपटून बघितलं, ढिम्म नाही. हूं साठी सध्या बॅटरीवर चालवतोय, एक बाजू आरामात होते.

पातळी किती ठेवू? कुमारजींच्या एका मैफलीत मधेच तान एकदम वर जाते तिथे मीटर लाल होतो.

कानसेन · शुक्रवार, रात्री ९:१५

सर्वात चढ्या जागेला मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. पण पातळी विंडोजच्या स्लायडरने कमी करून लाल जात असेल असं समजू नका. आवाज कन्व्हर्टरच्या तोंडाशीच कापला जात असेल तर पुढे कितीही कमी केला तरी माथा सपाटच राहतो, फक्त बुटका दिसतो. ऑडॅसिटीत ती तान मोठी करून बघा. लाटांचे माथे कात्रीने कापल्यासारखे सरळ असतील तर डेकच्या बाजूनेच कमी करायला हवं. डेकला आउटपुटची कळ आहे का? नसेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या, तिथे आवाज कमी-जास्त करता येतो.

जुनी_फीत · शुक्रवार, रात्री ९:४०

माथे सपाटच आहेत. डेकला आउटपुटची कळ मागच्या बाजूला सापडली, धुळीने अडकलीय. उद्या साफ करून ती बाजू पुन्हा उतरवतो.